उद्यासाठी अर्धा डबा

११ सप्टेंबर

आई,

मामांच्या हाती एक खोकं पाठवतेय. मामा म्हणजे कारखान्याच्या गाडीचे ड्रायव्हर. कुणाचंही काम ते नाकारत नाहीत, त्यामुळे इथे सगळेच त्यांना मामा म्हणतात आणि सगळेच मामा बनवतात. तुमच्या बाजारात त्यांची फेरी असते. येतील तेव्हा चहा दे, बाकी काही घेणार नाहीत.

खोक्यात मासळीचे डबे आहेत. पोचे बघून घाबरू नकोस. पोचा आलेला डबा दुकानात जात नाही, तो कामगारांना मिळतो. मी दिवसभर सरकत्या पट्ट्यापाशी बसून तेच तर करते: डबा उचलायचा, फिरवून शिवण बघायची, पुढे सोडायचा. हो, डब्यालाही शिवण असते. तू कापडाची बघतेस, मी पत्र्याची. लेक शेवटी आईच्याच वळणावर गेली म्हण.

आता नीट वाच, नाहीतर अर्धं वाचशील आणि अर्धं सोडून देशील. पोचा डब्याच्या अंगावर असेल तर डबा चांगला. शिवणीवर पोचा असेल, कडेला गंज धरला असेल किंवा झाकण फुगून वर आलं असेल, तर तो उघडायचासुद्धा नाही. चव घेऊन बघू, असलं शहाणपण तर मुळीच करायचं नाही. डबे कपाटात ठेव, कोरड्या जागी. चुलीच्या वर नको, मोरीपाशी नको. नवे आले की मागे, जुने पुढे. मिठाच्या पाण्यातले असतील ते निथळून वरून साधं पाणी ओत, बाबांच्या रक्तदाबाला मीठ चालत नाही. काटे काढत बसू नकोस, ते डब्यातच शिजून मऊ झालेले असतात, बोटाने चुरडतात. हाडांना जे लागतं ते त्या काट्यांतच आहे. आणि उघडलेला डबा तसाच ठेवायचा नाही. एक डबा, दोन माणसं. अर्धा बाबांना, अर्धा तुला.

डॉक्टर काय म्हणाले होते ते विसरू नकोस. अर्धांगवायूने गेलेला बाबांचा हात निम्मा औषधाने येईल, निम्मा ताटातून. गावभर ज्यांच्या अक्षरांच्या पाट्या टांगल्यात त्या माणसाला स्वतःचं नाव लिहिता येऊ नये, हे मला इथे बसूनही सहन होत नाही. त्याच्यासाठीच आलेय मी इथे. बाबांच्या हातचं एक पत्र येऊ दे, मग मला या वासाचं काही वाटणार नाही.

वास कितीही धुतला तरी जात नाही. बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामीच राहते. तेवढंच ऐसपैस बसायला मिळतं. खोलीत आम्ही चौघी, खिडकी एक, आणि तीही कारखान्याच्या भिंतीवर उघडते. कपडे वाळत नाहीत.

शेजारच्या बाईंच्या फोनवर मला बोलता येत नाही. नुसती रडत बसते. आणि बाबांना काही ऐकवता येत नाही ते वेगळंच. म्हणून पत्रच लिही. माझी बाबांना वाचून दाखव.

तुझी ठकी


२१ सप्टेंबर

चि. ठकीस,

आशीर्वाद. खोकं पोचलं. तुझे मामा चहा पिऊन गेले. जाताना म्हणाले, लेक गुणाची आहे. मी म्हटलं, आमच्याकडे असताना लपवून ठेवले होते वाटतं गुण.

डबे तू सांगितलेस तसे लावलेत. शिवणयंत्राशेजारचं कपाट रिकामं केलं. कापडं आता फारशी येतच नाहीत, मग जागा अडवून काय करायची? यांना उठवणं, बसवणं, अंघोळ, व्यायाम यात दिवस जातो. लोक कपडे टाकून जातात आणि मी वेळेवर देऊ शकत नाही. मग ते पुढच्या गल्लीत जातात. त्यांचं तरी काय चुकलं.

तुझे बाबा बरे आहेत. बोलायचं म्हणशील तर एकच शब्द उरलाय, 'बास'. पाणी हवं तरी बास, खिडकी लावायची तरी बास, शेजारच्या बाई आल्या तरी बास. त्या बिचाऱ्या पहिल्यांदा उठूनच चालल्या होत्या. व्यायामवाल्या बाई म्हणतात, आत सगळे शब्द आहेत, वाट तेवढी बुजलीय. तुझं पत्र मोठ्याने वाचलं. अक्षरांच्या पाट्यांचं आलं तिथे डोळे पुसले, डाव्या हाताने. माझी पत्रंही मी टाकायच्या आधी यांना वाचून दाखवणार आहे. कानांवर शब्द पडायला हवेत ना. ऐकणारा माणूस उलट बोलू शकत नाही, बायकोला अजून काय हवं!

मासे आवडलेले दिसतात. भातात कुस्करून देते. अर्धा डबा होतो त्यांना, उरलेला मी खाते. काय करणार, तू उघडा ठेवू नको म्हणतेस आणि मला अन्न टाकवत नाही. रोज संपवायची शिक्षाच आहे म्हण. शेजारच्या बोक्यासारखी फुगेन अशाने. परवा जिना चढून आले तर दम लागला नाही, म्हणजे बघ.

तू खातेस का नीट? का दिवसभर दुसऱ्यांचे डबे फिरवून रात्री पाव कुरतडतेस? ओले कपडे अंगावर घालू नकोस. दोन जोड जास्त शिवून पाठवू का?

आई


३ ऑक्टोबर

आई,

पत्र वाचून आधी हसले, मग माझ्यावरच चिडले. 'रोज संपवायची शिक्षा'! मासळीने तुला पूर्वीपासून जळजळ व्हायची हे मी विसरलेच होते. तू सांगणार थोडीच! अन्न टाकवत नाही म्हणून जबरदस्तीने पोटात ढकलू नकोस. पोट म्हणजे काही फडताळ नव्हे.

म्हणून या खोक्यात काचेची बरणी आहे, घट्ट झाकणाची. आमच्या तपासणीवाल्या बाईंकडून मागून घेतली. उरलेला मासा डब्यातून काढून तेलापाण्यासकट बरणीत घालायचा, झाकण लावायचं आणि लगेच फ्रिजमध्ये. तसा तो दोन दिवस चालतो. तिसऱ्या दिवशी टाकायचा, तेव्हा मात्र 'टाकवत नाही' हे ऐकून घेणार नाही. आता डबा उघडला की त्या दिवशीच संपवायचा धाक नको. तुला वाटेल तेव्हा, वाटेल तेवढं खा.

आमच्याकडे एका माणसाला पुरतील असे लहान डबेही भरतात. त्यांना पोचे कमी येतात, पण मिळतात अधूनमधून. तुला सोयीचे पडतील का? तसं असेल तर मी सांगून ठेवते.

कपडे पाठवू नकोस, सगळ्यांनाच वास लागेल. इथे पाऊस नाही तरी ओलच ओल. पट्टा दोनदा बंद पडला, दोन्ही वेळा आम्हाला बसवून ठेवलं आणि नंतर थांबवून घेतलं. परत आले तेव्हा तिघी झोपल्या होत्या. दिवा न लावता पाव खाल्ला. तू बरोबर ओळखलंस.

बाबा, आई हे वाचतेय ना तुम्हाला? बोटं हलवत राहा. चेंडू दाबायचा कंटाळा करू नका.

ठकी


१५ ऑक्टोबर

चि. ठकीस,

बरणी छान आहे. पोटही सुटलं माझं त्या शिक्षेतून. आता मला हवं तेव्हा हवं तेवढं खाते, तू काळजी करू नकोस. फ्रिज उघडला की बरणी समोरच दिसते, बरं वाटतं. घरात उद्याचं काहीतरी ठेवलेलं असलं की झोप लागते.

लहान डबे नकोत. मोठेच पाठव. आम्ही दोघं माणसं, लहान डब्यांना काय चाटायचंय?

आता बातमी. परवा यांनी चेंडू दाबला. बोटं मिटली आणि आपणहून उघडली. मी भांडी घासत होते, 'बास' अशी हाक आली. या वेळचा बास वेगळा होता हे मला लगेच कळलं. जाऊन बघते तर हात पुढे करून बसलेत, शाळेतल्या पोरासारखे. व्यायामवाल्या बाईंनी दंड दाबून बघितला आणि म्हणाल्या, मांस धरतंय, काय खायला घालता? मी ऐटीत तुझं नाव सांगितलं. ठके, तुझा त्रास फुकट जात नाहीये. ओली खोली, तो वास, रिकामी जागा, सगळं इथे यांच्या दंडात जमा होतंय.

माझं काय, माझं बरं चाललंय. शिवणाची सवय मोडू नये म्हणून स्वतःचेच कपडे उसवून आत घेतले. जुनी फॅशन ढगळ होती, आता कसे नीटनेटके बसतात. शेजारच्या बाई म्हणाल्या, तरुण दिसायला लागलात. मी म्हटलं, नवऱ्याने उलट बोलणं बंद केल्याचा गुण आहे.

पुढची गाडी कधी ते कळव. पावसाळी हवा झाली की तुमच्याकडचा रस्ता बंद होतो असं मामा सांगत होते. मिळतील तेवढे पाठवून ठेव.

आई


६ नोव्हेंबर

आई,

मामा काल परत आले. खोकं पोचवल्याचं सांगितलं आणि मग बराच वेळ टोपी हातात धरून उभे राहिले. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, "तुझ्या वडिलांचा चेहरा भरलाय गं. पण तुझी आई फार वाळलीय. दार उघडलं तेव्हा मला वाटलं दुसरंच कुणी आहे."

खरं सांग. बरं नाही का तुला? तपासून घेतलंस? जेवतेस ना? मासा खातेस ना रोज? मी दिवसभर त्या पट्ट्यापाशी बसते आणि हातातून जाणाऱ्या प्रत्येक डब्यावर मला तुझंच तोंड दिसतं. काल एक सुटलेली शिवण नजरेतून गेली, पुढच्या बाईने धरली म्हणून निभावलं.

रजा मागितली होती. हंगाम संपेपर्यंत कुणालाच नाही म्हणाले. गेलीस तर जागा दुसरीला देऊ. जागा गेली तर डबेही गेले, म्हणून गप्प बसले. पण तू लिही, खरं लिही, म्हणजे मी जागा गेली तरी निघते.

ठकी


१४ नोव्हेंबर

चि. ठकीस,

तुझ्या मामांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. पहिल्यांदा आले तेव्हा मी ढगळ कपड्यांत होते, आता मापाच्या कपड्यांत आहे, तेवढाच फरक. शिंप्याच्या घरचं मर्म ड्रायव्हरला काय कळणार! आणि या वयात थोडं उतरलेलंच बरं, गुडघे दुवा देतात.

जागा सोडायचा वेडेपणा करू नकोस. हत्ती गेला आणि शेपूट राहिलंय. हात जवळजवळ आलाय यांचा. चमचा धरतात. सांडतात, पण धरतात. आत्ता डबे थांबले आणि पुन्हा सगळं ढासळलं तर मी कुणाला तोंड दाखवू? तू विचारतेस म्हणून सांगते, मी जेवते. आधी यांना भरवते, मग आत जाऊन निवांत खाते. भरवताना स्वतःचं ताट गार होतं, म्हणून आतच बरं.

यांचं मात्र नवीन खूळ सुरू झालंय. चार घास झाले की ताटली माझ्याकडे सरकवतात. चांगल्या हाताने, चांगली जोरात. 'बास, बास' करतात. पोट भरलेलं नसतं, मला माहीत आहे. मी परत सरकवते, ते परत सरकवतात. टेबलावर आमचा खेळच चालतो. रोज तेच खाऊन कंटाळले असतील बिचारे. तुझ्या कारखान्यात विचार, आणखी कसं करतात हे मासे.

हे पत्र आत्ता यांना वाचून दाखवलं. मध्येच टेबलावर हात आपटला आणि 'बास, बास' करत बसले. माझं काही यांना आवडलंय कधी!

खोकी सगळी नीट आली. कपाट भरत आलंय. कपाटाचं दार उघडून मी नुसती बघत उभी राहते कधीकधी. तू उभी असल्यासारखं वाटतं.

आई


२८ नोव्हेंबर

आई,

तुझं पत्र आलं आणि जिवात जीव आला. मामांना जाऊन सुनावलं. ते मान खाली घालून चाकाचे नट आवळत राहिले.

बाबांच्या कंटाळ्यावर उपाय विचारून आलेय. शिजवणाऱ्या बायका म्हणतात, मासा निथळून कांदा बारीक चिरून घाल, लिंबू पिळ, मिरपूड घाल आणि पावावर पसरून दे. नाहीतर बटाटा उकडून त्यात कुस्कर आणि तव्यावर वड्यांसारखा परत. डब्यातला मासा आधीच शिजलेला असतो, फक्त गरम करायचा, फार वेळ ठेवला की चोथा होतो. हे दिलंस की बघ, ताटली सरकवायचं विसरतील. लाडावले आहेत बाबा. तू रागावत नाहीस म्हणून.

इथे वारा सुटलाय. बोटी गेले काही दिवस बाहेर पडलेल्या नाहीत, पण साठवणीतला माल भरणं चालू आहे. नदीवरचा पूल हलतोय म्हणतात, मामांची ही शेवटची फेरी असेल कदाचित. म्हणून या वेळी खोली रिकामी केली, तिघींनीही आपले पोचे आलेले डबे दिले. हिवाळाभर पुरेल.

हंगाम संपला की येते. बाबांनी पाटी रंगवायची आहे माझ्यासाठी. काय लिहायचं ते मी आल्यावर सांगेन.

ठकी


१२ डिसेंबर

चि. ठकीस,

खोकी मिळाली. मामा वरपर्यंत घेऊन आले, मला उचलू दिली नाहीत. तुझ्या मैत्रिणींना माझा आशीर्वाद सांग.

लिंबाचं करून बघितलं. छान झालं होतं म्हणे. म्हणजे यांच्या तोंडावरून तसं दिसलं. ताटली मात्र सरकवलीच.

आम्हा दोघांनाही थोडा ताप आहे. गल्लीत सगळीकडेच आहे. आधी यांना आला, आज उतरलाय, आता माझी पाळी. अक्षर वाकडं आलं असेल तर हसू नकोस, घरातलं चांगलं अक्षर सध्या सुट्टीवर आहे. पण ऐक, काल यांच्या बोटांत पेन्सिल दिली तर धरली. एक उभी रेघ काढली. उभी म्हणजे सरळ उभी, पाटीवाल्याची. मी तो कागद कपाटाच्या दाराला आतून लावून ठेवलाय.

आज एवढंच. जिना उतरून पत्र टाकायला जायचं आहे, नाहीतर शेजारच्या बाईंना देते.

आई


२२ डिसेंबर

बाबा,

शेजारच्या बाईंचा निरोप ऑफिसात आला. मला पट्ट्यावरून बोलावलं आणि खुर्ची दिली. ऑफिसात आम्हाला कुणी खुर्ची देत नाही, त्यावरूनच कळलं.

मी त्याच दिवशी निघाले होते. पूल खचलाय. अलीकडच्या काठावर गाड्यांची रांग लागलीय, माणसांना पलीकडे सोडत नाहीत. टपालाच्या पिशव्या तेवढ्या दोराला बांधून नेतात. मी त्या दोराकडे बघत बसले होते. तिथल्या शिपायाला म्हटलं, मलाही पिशवीत घाला. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. रोज जाते तिथे. मामा सोबत येतात. मी त्यांना किती बोलले होते, बाबा. ते बरोबर होते.

आईला शेवटचं बघायलाही मिळालं नाही मला. तुम्ही तिला एकट्यानेच पोचवलंत.

मला समजत नाहीये. साधा ताप म्हणाल्या बाई. गल्लीत सगळ्यांना आला, सगळे उठले. मग तिला काय झालं? ती तर जेवत होती ना? अर्धा डबा तुम्हाला, अर्धा तिला. तिने मला लिहिलं होतं, जेवते म्हणून.

हे बाई तुम्हाला वाचून दाखवतील. तुम्ही काय सांगाल आणि कसं सांगाल, मला माहीत नाही. पण मला दुसरं विचारायला कुणी नाही.

तुमची ठकी


९ जानेवारी

ठकी,

हे मी लिहितोय. बाई नाहीत. मीच.

अक्षर बघून रडू नकोस. शब्द डोक्यात असतात. हातापर्यंत येताना सांडतात. हे पत्र पुष्कळ दिवस चाललंय.

तू विचारलंस ती जेवत होती का. नाही.

आधी जेवायची. डबा उघडला की अर्धा मला. उरलेला तिला. टाकवत नव्हतं म्हणून खायची. तेव्हा बरी होती. जिना चढायची. मग बरणी आली. मग उरलेला बरणीत. दुसऱ्या दिवशी तो मला. ती चहा आणि पाव. म्हणायची आत खाल्लं. आत धुतलेली ताटली एकच असायची. मला इथून दिसायचं.

बरणीचा दोष नाही. तुझाही नाही. हे लिहावं की नाही, खूप विचार केला. पण तू विचारलंस. आणि तुझ्याशी खोटं बोलायला ती होती, मी नाही.

मी ताटली सरकवायचो. कंटाळून नाही. तिने खावं म्हणून. बास म्हणायचो. दुसरा शब्द नव्हता. तिला कळायचं. मुद्दाम न कळल्यासारखं करायची. तुला पत्र लिहायची, मला वाचून दाखवायची. मी लाडावलो असं तू लिहिलंस. तेही वाचलं मला. हसली. मी टेबल बडवलं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, ठकी, ये. एवढे दोन शब्द.

ताप दोघांना आला. मी उठलो. डॉक्टर म्हणाले, तुमच्या अंगात ताकद होती. तिच्यात काही उरलंच नव्हतं.

कपाटात डबे आहेत. तीन रांगा. जुने पुढे, नवे मागे. रस्ता बंद झाला तर माझं काय, म्हणून राखले. मी एवढं खाणार होतो का.

शेवटच्या संध्याकाळीही उठली. धरून धरून. डबा उघडला. मला भरवलं. उरलेला बरणीत घातला. झाकण लागेना तिला. मी लावलं. या हाताने. तिने बघितलं आणि म्हणाली, आला बाई हात. मग झोपली. सकाळी उठली नाही.

दुसऱ्या दिवशी तिला पोचवून आलो. बाई भात ठेवून गेल्या. मी फ्रिज उघडला. बरणी समोरच होती. तिने माझ्यासाठी ठेवलेला. तू लिहिलं होतंस दोन दिवस चालतो. मी खाल्ला. तिथेच उभा राहून. टाकवला नाही.

पूल झाला की ये. तिचं यंत्र झाकून ठेवलंय. ती रेघ दाराला आहे अजून.

तुमच्याकडे एका माणसाचे लहान डबे मिळतात असं तू लिहिलं होतंस. येताना ते आण. मोठा उघडला की अर्धा उरतो.

बाबा